लाकडी बूच

एलिसेओने पितळी पट्टीवरची वाळू बाहीने पुसली आणि वाकून ती वाचली. इंग्रजी अक्षरं शाबूत होती. नाकावर उभ्या नळ्यांचा रेडिएटर, स्टीअरिंग उजवीकडे. सोऱ्याच्या खाणीवाल्या साहेबांनी इंग्लंडहून बोटीने आणवलेल्या या जातीच्या लॉऱ्या त्याने आजवर फक्त चित्रात पाहिल्या होत्या. अख्ख्या खंडात एकही उरली नाही, असं जुन्या गाड्यांचे शौकीन छातीठोकपणे सांगायचे. आणि ही इथे, पाम्पाच्या वाळवंटातल्या कोरड्या घळीत, आरामात उभी. गंजाचं नाव नाही. पाऊसच नाही तर गंजणार कशाने?

"तीच आहे का?" दोन्या एदुविनाने पिकअपमधूनच विचारलं. सगळे जिला मानाने दोन्या म्हणत, त्या म्हातारीच्या मांडीवर पाण्याच्या बाटल्यांची पिशवी होती. सोमवार होता. परतताना रस्त्याकडेला तिच्या बापाच्या आनिमितेपाशी थांबायचं होतं.

"जात तीच, दोन्या. पण खाण बंद पडली तेव्हा अशा दोन विकल्या होत्या. दुसरी बोलिव्हियाकडे गेली म्हणतात. ही फ्लोरिंदोचीच, असं मी कसं सांगू?"

म्हातारीचा जीव त्या एवढ्याशा प्रश्नात अडकला होता. ती लहान असताना तिचा बाप फ्लोरिंदो एका सकाळी लॉरी घेऊन निघाला तो परत आलाच नाही. लॉरी फुंकून टाकली आणि तिकडे बोलिव्हियात, ओरूरोत दुसरा घरोबा करून बसला, असं गावाने ठरवून टाकलं. तिच्या आईने मात्र हट्टाने रस्त्याकडेला त्याची आनिमिता बांधली, रस्त्यावर मेलेल्यांसाठी बांधतात तसलं गुडघ्याएवढं घर. जित्या माणसाला आनिमिता बांधणारी बाई म्हणून गाव तिला मरेपर्यंत हसलं.

हसणाऱ्यांत ड्रायव्हरही होते. पण पाम्पात कुठल्याही आनिमितेला पाणी न ठेवता पुढे जायची छाती ड्रायव्हरला होत नाही. ते टोमणा मारायचे, बाटली ठेवायचे, हॉर्न द्यायचे आणि जायचे. सोमवारी एदुविना मेणबत्ती लावायला जाई तेव्हा बाटल्या रिकाम्या असायच्या. झाकणाचं सील जसंच्या तसं, कुठे भोक नाही, आणि आत थेंब नाही. उन्हाने आटतं, असं ड्रायव्हर म्हणायचे. ती कुणाशी वाद घालत बसली नाही. रिकाम्या बाटल्या गोणीत भरायची आणि घरी यायची.

एलिसेओला मात्र आता धीर निघत नव्हता. पिकअपच्या मागे त्याने साखळी अडकवूनही ठेवली होती. ही फ्लोरिंदोची असेल तर ती एदुविनाची, तेव्हा तिने नुसतं हो म्हणावं, कालामातल्या आपल्या गॅरेजच्या छपराखाली लेकरासारखी सांभाळीन, असं तो पुन्हा पुन्हा सांगत राहिला.

म्हातारी उतरली. काठी टेकत लॉरीच्या नाकापाशी आली. रेडिएटरच्या तोंडावर पितळी झाकण नव्हतं, तामारुगोच्या लाकडाचं कोरलेलं बूच होतं. तिने ते काढलं आणि त्याच्या कडेवरून अंगठा फिरवला. अंगठा एका जागी थांबला. तिने बूच तोंडाशी नेऊन बोळक्या हिरड्यांत धरलं. कडेवर बारीक बारीक खळगे होते, शेजारी शेजारी, अर्धगोल.

"माझे दात आहेत," ती म्हणाली. "झाकण खाणीतच हरवलं होतं, म्हणून त्यानं हे केलं. मी दात यायच्या वेळी किरकिर करायचे, तर हेच द्यायचा चावायला. आई सांगायची."

मग तिला रडू कोसळलं. पळाला नव्हता, एवढंच ती म्हणत राहिली.

तिला धरायला वाकला तेव्हा एलिसेओला लॉरीखाली बुटांचे तळवे दिसले. उन्हातून सावलीत सरकून कुणी आडवं व्हावं तसे. त्याने टोपी काढली. म्हातारीनेही पाहिलं. तिने हात जोडले.

पोलिसांना कळवायला हवं, असं काहीतरी तो पुटपुटला. काय करावं ते सुचेना, तेव्हा मेकॅनिकच्या सवयीने त्याने रेडिएटरच्या तोंडात डोकावलं. आत धूळ असणार असं त्याला वाटलं होतं. आत पाणी होतं.

नितळ, तोंडापासून बोटभर खाली. त्याने बोट बुडवलं. बोनेटवर हात ठेववत नव्हता इतकं ऊन, आणि पाणी माठातल्यासारखं गार. तो झटकन खाली बसून बघू लागला. खालची रबरी नळी केव्हाच कुजून गळून पडली होती. रेडिएटरचं खालचं तोंड उघडं होतं. त्यातून आरपार उजेड दिसत होता आणि एक थेंब पडत नव्हता.

"दोन्या, हे असं होऊच शकत नाही," तो म्हणाला.

तिकडे दूर रस्त्यावर, आनिमितेच्या बाजूला, एका ट्रकने हॉर्न दिला. पाम्पात आवाज लांबवर येतो. मग शांत झालं. बाटली ठेवून माणूस परत ट्रकमध्ये चढेल इतका वेळ गेला असेल. रेडिएटरातलं पाणी हळूहळू वर आलं, काठाला टेकलं आणि एक धार बाहेर ओघळून वाळूत जिरली.

एदुविनाने डोळे पुसले. लाकडी बूच जागेवर बसवलं आणि तळहाताने दाबून घट्ट केलं.

"साखळी सोडव, बाळा," ती म्हणाली. "पाणी भरलं आता. आपली आपण चालत येईल ती."