नलिनीबाईंची साखर

"काकू, उपाशीपोटी साखर किती आली?" इन्सुलिनच्या सिरिंज पुड्यात बांधत औषध दुकानदाराने विचारलं.

"एकशे ऐंशी," नलिनीबाई म्हणाल्या. हा आकडा शेजारणीचा होता. नलिनीबाईंना मधुमेह नव्हता.

सिरिंज त्यांच्या मुलासाठी, मयूरेशसाठी होत्या. एकच बोथट सुई पुन्हा पुन्हा टोचून त्याच्या कोपरात पू झाला होता. जखम धुताना व्यसनमुक्ती संस्थेतल्या ताई म्हणाल्या होत्या, "नशा सुटेल तेव्हा सुटेल, आधी हात वाचवू. दर वेळी नवी सुई." गल्लीत खरं सांगण्यापेक्षा नलिनीबाईंनी स्वतःच आजारी व्हायचं ठरवलं. आठ महिन्यांत जखम भरून आली.

मग त्या चार दिवस भाचीच्या लग्नाला गेल्या. परतल्या तेव्हा मयूरेश तापाने फणफणला होता. नव्या सिरिंज त्याने दोस्तांना वाटल्या होत्या आणि स्वतः जुनीच वापरली होती. "त्यांना कोण आणून देणार, आई?" तो म्हणाला. जंतू रक्तात गेले होते. तिसऱ्या दिवशी तो गेला. लोकांना त्यांनी डेंग्यू सांगितला.

तेराव्याला गोडाचं जेवण होतं. सुतक संपलं म्हणून जाऊबाई घरातल्या प्रत्येकाच्या पानात आग्रहाने लाडू वाढत होत्या. नलिनीबाईंपाशी येऊन त्या थबकल्या.

"तुम्हाला नको, ताई. दुकानदार म्हणत होता, तुमची साखर फार वाढलीय."

नलिनीबाईंनी पानावर हात आडवा धरला.

"हो," त्या म्हणाल्या, "परवाच तपासली."