ढुशी

"गाईनं मारलं?" डॉक्टरनं कागदावरून मान वर न करता विचारलं.

"मारलं नाही जी," चंद्रभागाबाई म्हणाली. "ढुशी देल्ली."

डॉक्टर पुण्याकडची होती, नोकरीला लागून दोनच महिने झालेली. तिनं मागे उभ्या असलेल्या सुनेकडे पाहिलं. रीता भिंतीला टेकली होती. पहाटे उठून, स्वयंपाक उरकून ती करडी गावाहून सासूला दवाखान्यात घेऊन आली होती. शेतात धानाची रोवणी अर्धी पडली होती. तिच्या नखांतला चिखल अजून निघाला नव्हता.

"गाय अंगावर आली, ह्या पडल्या," रीता म्हणाली. "मारलं असंच लिहा, मॅडम."

"नको लिहू तसं!" चंद्रभागाबाई दुखरा हात छातीशी धरून पुढे वाकली. "माहा पोरगा कैलाश म्हणते, मारकी गाय घरी ठेवाची नाही. कागद पाहिला त येत्या बाजारी अड्याळले नेऊन विकन."

"विकू द्या ना, आई. तुमचा हात दीड महिना प्लास्टरात. शेण कोण काढन? मीच."



"ढुशी म्हणजे काय पण?" डॉक्टरनं विचारलं. "डोक्यानं मारते?"

"मारत नाही, बाई."

"ढकलते?"

"ढकलतबी नाही." म्हातारीनं दुसरा शब्द शोधला. तो तिच्याकडे नव्हता. गावात कुणी कधी विचारलाच नव्हता. "दूध काढाले गेली का रोज देते. बुढा गेल्यापासून माह्या अंगाले दुसरं कोण लागते? आज शेणात पाय घसरला. चूक माहीच."

डॉक्टरचा पेन कागदावर थांबलेला होता.

तशी चंद्रभागाबाई स्टुलावरच वळली. तिनं कपाळ रीताच्या कुशीला लावलं आणि खालून वर, हळूच, एकदा लोटलं.

"हे अशी."

मग पुन्हा एकदा. आणि डोकं तिथंच राहिलं.

रीता ताठ झाली. लग्नाला नऊ वर्षं झाली होती. भांड्याला भांडं लागायचं, बोलाला बोल लागायचा. सासू अशी अंगाला कधी लागली नव्हती. लुगड्याला गोठ्याचा वास होता. डोकं जड होतं, थकलेलं, आणि मोडल्या हाताच्या कळेनं बारीक थरथरत होतं.

डॉक्टरनं रीताकडे पाहिलं. रीतानं या वेळी काही सांगितलं नाही.

'गोठ्यात पाय घसरून पडल्या,' डॉक्टरनं लिहिलं आणि कागद पुढे सरकवला.

दारातून पुढच्या माणसाचं नाव पुकारलं गेलं.

"आई, उठा. दुसऱ्याचा नंबर लागला," रीता म्हणाली. पण ती जागची हलली नाही.