वेगळी ठेवलेली कोंबडी

मावशींच्या कोंबडीच्या तुऱ्यावरचे काळे खवले पाहताच डॉक्टरीणबाईंनी ओळखलं, हा कोंबड्यांचा देवी रोगच.

"यावर औषध नाही, मावशी. जखमांना आयोडीन लावा आणि हिला आजच वेगळी ठेवा. नाहीतर सगळ्यांना लागण होईल."

पंधरा दिवसांनी डॉक्टरीणबाई धास्तावतच परत आल्या. परसातली एकेक कोंबडी उचलून त्यांनी तुरा, चोच, डोळ्यांच्या कडा निरखून पाहिल्या. कुणालाच साधी पुळीही नव्हती. त्यांचा जीव भांड्यात पडला.

"शाब्बास, मावशी! आजारी कुठे ठेवलीत?"

"धाकट्या बहिणीकडे. एकटीला कोंडलं तर दाणा टिपत नव्हती हो. तिकडच्या कोंबड्यांत छान रमली."

डॉक्टरीणबाईंच्या हातातली कोंबडी फडफडत खाली उतरली.

 

"आणि बहिणीच्या दोन कोंबड्यांवर खवले दिसले, तर तिनंही लगेच वेगळ्या काढल्या. एक नणंदेकडे, एक जावेकडे!"