रोजची दहा गणितं

ओसरीवर खोकला वाजला, तशी प्रियंकानं मांडीवरची वही बाजूला सरकवली आणि डोक्यावर पदर घेतला.

संतराम उंबऱ्याशीच थांबले. सुनेशी ते सरळ बोलत नसत, सूनही त्यांच्याशी नाही. मध्ये पार्वतीबाई असत; चार हातांवरचा निरोप त्यांच्या तोंडून फिरून जाई.

"तिला म्हणावं, दहा झाले का?"

"ते म्हणून राहिले, दहा झाले का?"

"त्यांना म्हणावं, बारा झाले."

संतरामांनी हात पुढे केला. वही सासूच्या हातून सासऱ्याच्या काखेत गेली.

बारावीत प्रियंकाचं रसायन राहिलं होतं, आणि लगेच लग्न. आता लेक दहा महिन्यांची झाली, तर तिनं मुक्त शाळेच्या परीक्षेला बसायचं काढलं. बारावी सुटली तरच फार्मसीला जाता येणार होतं. चौथ्या दिवशी संतरामांनी अट घातली. रोज रसायनाची दहा गणितं. एक दिवस चुकला की पुस्तकं चुलीत.

वही संध्याकाळी त्यांच्याकडे जाई आणि दुसऱ्या दिवशी दुपारी शेतातून परत येई. पानांना तंबाखूचा वास, कडेला मातीची बोटं. चाळीस वर्षांमागची दहावी, आता सातबारा वाचण्यापुरती उरलेली; त्या माणसाला मोलमधलं काय कळणार? मोजत असतील आकडे. मोजू देत. म्हणूनच ती रोज दोन जास्तीची करी.

फॉर्म भरायलाही ते लेकासोबत, भागवतसोबत, स्वतः हिंगोलीला गेले. सगळा दिवस घातला. येताना डोळ्यांवर नवा चष्मा.

"एका फॉर्मला एवढा वेळ व्हय रे?" पार्वतीबाईंनी लेकाला विचारलं.

भागवत नुसता हसला. बायकोवर नजर ठेवायला बाप लागतो आणि हा हसतो, म्हणून प्रियंका दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही.

दुपारी लेकीला झोळीत टाकायची, दोरी पायाच्या अंगठ्याला बांधायची. अंगठा झोका देई, हात गणित करी. लेक चुळबुळली की तिच्या कानाशी हळूच अणुभार म्हणायची. कार्बन बारा, ऑक्सिजन सोळा, माझी बाय किती? नऊ किलो!

"मोल मोल काय करून राहिलीस गं?" एकदा पार्वतीबाई तूर निवडता निवडता म्हणाल्या.

"आत्याबाई, लिंबाचा शेकडा अन् नारळाचा शेकडा. नग तेवढेच. पण वजन बराबर भरतं का?"

"न्हाई बा."

"तसंच. मोल म्हंजे लई मोठा शेकडा. पाण्याचा मोल अठरा ग्रॅम भरतो, चुनखडीचा शंभर. ती तापवली की गॅस उडून जातो, चुना उरतो छप्पन्न."

"उडालेला गॅस कुणी तोलला मग? तुझ्या बापानं?"

बाहेर खोकला. पदर वर.

"तिला म्हणावं, मोठ्यानं सांग. अन् सावकाश. तोंडातल्या तोंडात पुटपुटू नको."

प्रियंकानं दात आवळले आणि सगळं पहिल्यापासून सांगितलं, गल्लीला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं.

एका दिवशी लेकीला ताप होता. तिनं घाईत दहा गणितांची नुसती उत्तरं लिहिली. वही परत आली ती सासूच्या तोंडच्या निरोपासकट.

"ते म्हणत्यात, पायरी गाळू नको. कसं केलं ते पूर्ण लिही."

"त्यांना काहून पाहिजे पायऱ्या? चढायच्यात का?"

हा निरोप पार्वतीबाईंनी पोचवला नाही. प्रियंकानं मात्र दहाही गणितं पुन्हा केली. एकेक पायरी, ठळक, पेन दाबून. घ्या, किती पाहिजेत?

परीक्षेच्या सकाळी तिनं लग्नाआधीचा पंजाबी ड्रेस घातला. घरात कुणी काही म्हणायच्या आत म्हणाली, "साडीत सुचत न्हाई मला." मामंजींनी बघावं असंही मनात होतं. पण ते नव्हतेच.

"अंधारातच गेले शेताकडं," पार्वतीबाई नातीला कडेवर घेत म्हणाल्या. "अन् धुतलेला सदरा घालून. काय माणूस! सुनेला आज चार शब्द बोलावं..."

"त्यांना म्हणावं, पास होऊनच येते."

हिंगोलीच्या केंद्रावर बेंच भिंतीकडून दुसऱ्या रांगेत, सगळ्यांत पुढचा. पेपर हातात आला. पाचवा प्रश्न पाहून तिला हसू फुटलं. पन्नास ग्रॅम चुनखडी तापवली, चुना किती मिळेल? अठ्ठावीस. तिनं पायऱ्या मांडायला सुरुवात केली.

मागच्या बेंचवरून कुणीतरी पेनानं टकटक केलं. तिनं लक्ष दिलं नाही.

पुन्हा टकटक. मग अगदी दबकी फुसफुस, "चुनखडीचं... शंभर का छप्पन्न?"

वर्षभराच्या दुपारी तिच्या डोळ्यांपुढून गेल्या. झोळी, दोरी, तापातली लेक. फुकट कुणाला काही द्यायचं नव्हतं तिला. मागं न वळता ती कुजबुजली, "पायरी गाळू नका. कसं केलं ते पूर्ण लिहा."

मागची टकटक थांबली.

मग मागून ओसरीवरचाच खोकला वाजला, आणि प्रियंकाचा डावा हात आपोआप खांद्यामागं जाऊन पदर शोधू लागला.