पंधरा धागे

हेमालीनं मूठ उघडली. आत बोट-बोटभर लांबीचे लाल धाग्याचे पंधरा तुकडे होते.

"टाकले नाहीत मी, सर. मोजून ठेवलेत."

जीवननं कपाळाला हात लावला. राहनाळ गावातल्या या गोडाऊनमध्ये कापड तपासायचं काम त्याच्याकडे होतं. कापडाच्या ताक्यात जिथं खोट सापडेल तिथं काठाला तो लाल धागा बांधायचा, म्हणजे पुढच्या माणसाला ती जागा कळायची. काल हेमालीचा कामाचा पहिला दिवस होता. काठाला लोंबणारे धागे तिला दिसले आणि कुणी काही सांगायच्या आत पोरीनं कात्री घेऊन आठच्या आठ ताके चकाचक केले. करायला गेली गणपती आणि झाला मारुती.

"बाराला ट्रक येतोय. हे सगळं परत दिव्याखाली घ्यायचं तर उद्याची संध्याकाळ होईल. आजपासून तू येऊ नकोस."

"तिची चूक न्हाय, साहेब."

दारातला वॉचमन दचकून वळला. बोलणारा होता पोरीबरोबर आलेला हेमालीचा बाप, काळूराम. तीस वर्षं लूमच्या खडखडाटात काढलेल्या माणसाला हळू बोलता येत नाही.

"मीच शिकवून धाडली तिला. हात लावायच्या आधी कामाच्या पाया पड. कोन सांगंल म्हनून वाट बघू नको. नि घरी येताना त्याचं उपकार मान. आमच्या कारखान्यात लोंबता धागा दिसला की कापायचा. तसा ताका शेठपुढं न्यायची लाज वाटायची."

"काका, इथं धागा म्हणजे खूण असते."

"ते आता कळला. मना बघू द्या. पंधराच शोधायच्यात ना?"

जीवननं घड्याळ पाहिलं. नऊ वाजत होते. "बघा," तो म्हणाला. नाही म्हणून तरी त्याला काय मिळणार होतं?

काळूरामनं चपला काढल्या. ताक्याला हात लावून तो कपाळाला टेकवला. गोडाऊनमध्ये चपला कोण काढतं? दोन हमाल एकमेकांकडे बघून हसले आणि हेमालीला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्यानं पहिली घडी उघडली आणि थांबला. कोऱ्या कापडाच्या खळीचा वास आला होता. धामणकर नाक्यामागचा त्याचा कारखाना बंद पडून दोन वर्षं झाली होती. तेव्हापासून हा वास त्याला कुठं भेटला नव्हता. त्यानं तो छातीभर घेतला आणि डोळे मिटून तळवा कापडावरून फिरवायला लागला.

"हितं. सूत नेता नेता धोटा अडकलाय. आमचा अकरा नंबरचा लूम असाच रुसायचा. थोपटला की चालायचा."

हेमालीनं तिथं धागा बांधला.

"हितं कारागिराला डुलकी लागली. पहाटेची शिफ्ट. चिंधू उभ्या उभ्या झोपायचा, मीच त्याला चहा पाजायचो." पुढच्या ताक्यात तो पुन्हा थांबला. "हितं धोट्यातली सुताची कांडी संपलेली कळली न्हाय कारागिराला. गावावरनं निरोप आला असंल बिचाऱ्याला."

एकेका खोटीत म्हाताऱ्याला एकेक ओळखीचा माणूस भेटत होता. हमाल हसायचे थांबले. पावणेबाराला हेमालीनं पंधरावा धागा बांधला.

"सुटलो!" जीवन म्हणाला. "मानलं, काका. हेमाली, उद्या नऊला ये."

तिनं डोळे पुसले. पण बापाचा तळवा कापडावरून उठेना.

"अजून एक हाय हितं. धागा द्या."

"पंधराच होते. मी स्वतः तपासलेत." जीवनचा चेहरा उतरला होता. त्यानं लाल धाग्याचं रीळ ड्रॉवरमध्ये टाकलं आणि ड्रॉवर लावला. "सोडा आता. ट्रक दारात लागलाय."

काळूराम पोरीकडे वळला आणि चक्क हळू बोलला.

"नोकरी तुझी हाय. तू बोलशील तसा."

हेमालीनं त्याच्या हाताशेजारी आपला हात ठेवला. एक बारीक फट बोटाला लागली. ताण्याची, म्हणजे उभ्या सुताची, तार तुटून तशीच पुढं विणली गेली होती. एकदा कळल्यावर ती न कळल्यासारखी कशी करायची?

तिच्या मनगटाला लाल धागा होता. एकवीरेचा. कामाला लागायच्या आधी बाप गडाच्या पायऱ्या चढून घेऊन आला होता आणि स्वतःच्या हातानं त्यानं तो बांधला होता. तिनं दातानं गाठ तोडली आणि तो ताक्याच्या काठाला बांधून टाकला.

"आगं, देवीचा..."

"कोन सांगंल म्हनून वाट बघू नको. तूच बोललास ना, बाबा?"

जीवन पुढं आला. त्यानं त्या जागेवरून एकदा बोट फिरवलं, मग दुसऱ्यांदा फिरवलं. कमरेच्या पट्ट्यातला मोबाईल काढून त्यानं ड्रायव्हरला फोन लावला.

"पाच मिनिटं थांब रे. मालाच्या चिठ्ठीवर पंधरा खुणा लिहिल्यात, त्या सोळा करायच्यात." फोन ठेवता ठेवता, तिच्याकडे न बघताच तो म्हणाला, "नऊला. उशीर नको."

काळूरामनं सगळ्या ताक्यांना हात लावून कपाळाला लावला. मग खाली वाकून जमिनीवर पडलेली सुताची एक कोरी तार उचलली. पोरीचं रिकामं मनगट हातात घेऊन त्यानं ती गुंडाळली आणि लूमवर तुटली तार सांधतात तशी एका हातानं बारीक गाठ मारली.

"हा पन देवीचाच," तो म्हणाला आणि चपला शोधायला लागला.