पुसलेला फळा

वृंदा माइकसमोर उभी राहिली. आईच्या शोकसभेला शाळेचं सभागृह जुन्या विद्यार्थ्यांनी भरलं होतं. कितीतरी डोकी पिकलेली. हातातला कागद घामाने भिजला होता.

"माझी आई..." एवढं म्हणाली आणि जीभ टाळ्याला चिकटली. सगळे टक लावून बघत होते. पळून जावंसं वाटलं.

लहानपणीही असंच व्हायचं. काही चुकलं की भीतीने तिची वाचा बसायची. मग आई ओट्याकडे तोंड करून उगाचच आमटी ढवळत राहायची. म्हणायची, "मी बघत नाहीये. सावकाश सांग." त्या पाठीला वृंदाने सगळं सांगितलं होतं, गणितात नापास झाल्याचंसुद्धा.

आता ती पाठ कुठून आणायची?

तेवढ्यात पुढच्या रांगेतले टक्कल पडलेले एक गृहस्थ काठी टेकत उठले. कंटाळून निघाले बहुतेक, असं तिला वाटलं. पण ते जागच्या जागी वळले आणि तिच्याकडे पाठ करून उभे राहिले. त्यांच्या शेजारचेही वळले. भराभर खुर्च्या सरकल्या, आणि बघता बघता सबंध सभागृह पाठमोरं झालं.

वृंदा भेदरून बघतच राहिली.

"वर्गात कविता म्हणताना आम्ही अडखळलो," ते गृहस्थ मान न वळवता म्हणाले, "की बाई फळ्याकडे वळायच्या. पुसलेला फळा पुन्हा पुसत बसायच्या, आम्हाला शब्द सापडेपर्यंत."

मग म्हणाले, "कुणी बघत नाहीये, पोरी. सावकाश सांग."