भिंतीच्या रंगाची जाळी

दिसू नये अशी वस्तू शोधण्यात अख्खा पानगळीचा मोसम घालवणारी सून ओरिसियाने आजवर पाहिली नव्हती. विनिपेगच्या थंडीत खिडकी उघडता येत नाही, म्हणून लेस्लीने घरभर हवा खेळवणारं यंत्र बसवायला घेतलं, आणि त्याच्या झरोक्यांवरच्या जाळ्या भिंतीत पार मिसळून जातील अशाच हव्या म्हणून हटून बसली.

"उद्या मलाही भिंतीचा रंग देशील," ओरिसिया म्हणाली.

"दिला असता, आई. पण तुम्ही बोलायच्या थोड्याच थांबणार?"

यंत्र बसवणाऱ्याने जाताना ओरिसियाला खूण सांगितली होती. जाळीशी पातळ कागद धरायचा. झोपायच्या खोलीत ताजी हवा येते, तिथे तो फडफडतो. न्हाणीघरातली हवा बाहेर ओढली जाते, तिथे तो जाळीला चिकटतो.

नातवंडांच्या खोलीत कागद फडफडला. लेकासुनेच्या खोलीतही फडफडला. ओरिसियाच्या पलंगावरच्या भिंतीतल्या जाळीने मात्र तो तिच्या बोटांतून खेचून घेतला.

तिने सुनेला हाक मारून वर बोट दाखवलं.

"पुढेमागे इथे न्हाणीघर करायचंय, आई," लेस्ली चाचरत म्हणाली. "पुन्हा भिंत फोडायला नको म्हणून आत्ताच..."

"पुढेमागे म्हणजे कधी?"

लेस्ली पलंगावरची चादर नीट करू लागली. ओरिसियाने शांतपणे आपली उशी काखोटीला मारली.

 

"आजपासून मी तुझ्या खोलीत निजेन आणि तू इथे. बघू, आधी कोण जातं."